तुम्ही विचारलंत म्हणून: गावात बसून काय करायचं?

बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर हमखास कोणीतरी विचारतं, "भाऊ, देशात हुकूमशाही वाढते म्हणता, तं आम्ही वावर सोडून काय करावं?" आता लिहूनच सांगतो.

वावर सोडू नका. आधी कोऱ्या पानावर सही करणं सोडा. ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठरावांची वही, सभेनंतर घरोघर फिरतं आणि आपण न वाचता सही ठोकतो. आपल्याला न विचारता कारभार करायची सवय सत्तेला इथंच लागते.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. तिचा फोटो त्याच दिवशी काढा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. तो भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. रागानं घरी बसणारे नेमकी हीच सोय करून देतात. ठराव तिथंच वाचून घ्या आणि सहीच्या वरची मोकळी जागा रेघ मारून बंद करा.

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. "असं का केलं?" विचारलं की अर्ज वाया जातो, ठरावाची प्रत मागा, एमबीची, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत मागा. पोच हातात घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

घरकुलाच्या यादीतून नाव कापतील, ही भीती खोटी नाही. मजुरीवर जगणाऱ्याला एकट्याला पुढं करू नका. तोच अर्ज वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या पाच-सात जणांनी आपापल्या नावानं द्यावा.

"कागदानं काय होते?" म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीचं मेंढा लेखा गाव आठवावं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे गावानं गोळा करून विकायचा माल, हे 2006 च्या वनहक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेलं. तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या ताब्यात. जंगल गावाचं, पण एक काडी विकायची सोय नाही. गाव हटलं नाही. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. मंत्री आले म्हणून मिळालं, असं म्हणाल. पण त्याआधी कित्येक वर्षं तिथं अभ्यासगट चालत होता आणि निर्णय सर्वसहमतीनं होत होते. एकाचाही विरोध असला तर ठराव थांबतो. अशा गावात चार माणसं फोडून कोणाचं काम होत नाही.

पूर्वी मी मोर्चालाच उत्तर मानायचो आणि या सगळ्याला कारकुनी म्हणायचो. ते जुनं मत पुरतं खोटं ठरलंय, असं आजही म्हणवत नाही. 25 जून 1975 ला आणीबाणी लागली, त्यानंतर कागद मागायची सोयच उरली नव्हती. मग 1977 च्या मतदानानं केंद्रातली काँग्रेसची सत्ता गेली, पण विदर्भातल्या बहुतेक जागा काँग्रेसकडेच राहिल्या. आपला भाग तेव्हा गप्प का राहिला? भीतीनं, की खरंच पटलं होतं म्हणून? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, आणि तुमच्या प्रश्नानं दर वेळी मी तिथंच येऊन अडतो.