ग्वेनॅपचा खड्डा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचे समुद्रकिनारे सुंदर आहेत, त्यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते रेड्रुथ गावाबाहेरच्या एका गवताळ खड्ड्याबद्दल. स्टेशनपासून चढाच्या रस्त्याने दोन-अडीच किलोमीटरवर बसव्हील नावाची चार घरांची वस्ती लागते. तिथे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं 1836 सालचं छोटं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, आहे आणि शेजारीच ग्वेनॅप पिट.

काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा बारव आठवते. पाणी नसलेली, गोल, आणि दगडाऐवजी हिरवळीच्या पायऱ्यांची. एकात एक अशा 12 गोल पायऱ्या तळापर्यंत उतरतात. वरचा व्यास जेमतेम 35 मीटर.

हा खड्डा कुणी सभेसाठी खणलेला नाही. हा सगळा तांब्याच्या खाणींचा मुलूख. खाली पोखरलेली जमीन खचली आणि वर वाडग्यासारखी खळगी पडली, असं मानलं जातं. 5 सप्टेंबर 1762 ला मेथडिस्ट पंथाचा संस्थापक, धर्मोपदेशक जॉन वेस्ली ग्वेनॅपला आला तेव्हा वारा इतका होता की नेहमीच्या जागी उभं राहून बोलणं शक्य नव्हतं. म्हणून थोड्या अंतरावरच्या या खळगीत सभा घेतली. पुढे 1789 पर्यंत तो इथे एकूण 18 वेळा बोलला.

इथे येणारा प्रत्येक जण थेट तळाशी उतरतो आणि मध्यभागी उभा राहून मोठ्याने काहीतरी बोलून बघतो. पहिल्या सभेत वेस्ली तळाशी नव्हता! त्याने रोजनिशीत स्वच्छ लिहिलंय की तो एका बाजूला, वरच्या काठाजवळ उभा होता आणि लोक खाली व सभोवती होते. यामागचं कारण तिथे उभं राहिल्यावरच पटतं. सपाट मैदानावर आवाज पुढच्या रांगांच्या अंगाखांद्यांवरून घासत जातो आणि मागे पोचेपर्यंत विरतो. उतारावर प्रत्येकाचं डोकं पुढच्याच्या वर असतं, त्यामुळे बोलणाऱ्यापासून कानापर्यंत वाट मोकळी राहते. वारा काठावरून निघून जातो, शब्द उडवून नेत नाही. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभे राहा आणि समोरच्या उताराकडे बोला. ओरडू नका, वाक्य संपलं की क्षणभर थांबा.

समूहगानाचं गणित थोडं वेगळं. आवाजाला 35 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. एवढा उशीर संथ भजनात खपून जातो, पण जलद चाल घेतली की समोरची बाजू मागे पडल्यासारखी वाटते.

आता 32,000 चा आकडा. या खड्ड्यात बत्तीस हजार लोक बसत, असं सर्रास सांगितलं जातं आणि ते मला खटकतं. वेस्लीने 1773 मध्ये हिशेब मांडला तो असा: 80 यार्डांचा चौरस, दर चौरस यार्डात पाच माणसं. म्हणजे 6,400 गुणिले पाच. त्यात खड्ड्याबाहेर दूरवर उभे असलेले लोकही धरलेत. शिवाय चौरस यार्डात पाच म्हणजे सकाळच्या लोकलच्या दारातली दाटी. ती सगळ्या माळावर सारखी असणं कठीण. आकडा फुगलेला आहे असंच माझं मत. पण सत्तरीतल्या माणसाचा आवाज कडेच्या लोकांनाही ऐकू आला, हे त्याने चौकशी करून लिहिलं होतं, आणि या जागेचं खरं मोल मला त्यातच दिसतं.

तेव्हाची खळगीही वेगळी होती. वेस्लीच्या अंदाजाने एका बाजूने 200 आणि दुसऱ्या बाजूने जवळपास 300 फूट, खोली 50 फूट. आजचा नेटका गोल आकार 1806 चा. वेस्ली 1791 मध्ये वारला. त्याची आठवण म्हणून स्थानिक लोकांनी जमीन सारखी करून या पायऱ्या बांधल्या. आज माणशी अर्धा चौरस मीटर धरला तर बसून दोन हजारही मावणार नाहीत.

पायऱ्यांच्या कडेवर पाय देऊ नका, गवताखालची माती सुटते. पावसानंतर हिरवळ निसरडी होते आणि ओल कपड्यांत झिरपते, तेव्हा बसायला प्लास्टिक न्याच. वार्षिक उपासना मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी असते. ती परंपरा 1807 पासूनची. पण पायऱ्यांवर उभं राहून आवाज पारखायचा असेल, तर दुसऱ्या एखाद्या गर्दी नसलेल्या, वाऱ्याच्या दिवशी जा.