वहीतली मधली रेघ

आज, १० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीसाठी भाजपचे संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा महाराष्ट्रनामा हे दोन्ही जाहीरनामे एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. जेवणानंतर आईने जुन्या वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली आणि मी वाचत गेलो तशी ती लिहीत गेली. एकीकडे लाडक्या बहिणींना १५०० ऐवजी २१०० रुपये आणि सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कठोर कायदा. दुसरीकडे महिलांना दरमहा ३००० रुपये, मोफत बसप्रवास, जातनिहाय जनगणना आणि मासिक पाळीच्या काळात नोकरदार स्त्रियांना दोन दिवसांची रजा. रजेच्या ओळीपाशी आई थांबली, कारण तिने अंगणवाडीत तीस वर्षे पोटात कळा येत असताना उभे राहून काम केले आहे.

मग आमच्या मतदारसंघातील दोन्ही प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे काढली. मालमत्ता, शिक्षण, दाखल गुन्हे, सगळे त्यांत आहे. पण आंतरजातीय विवाह करणाऱ्यांना संरक्षण द्यावे की नाही, किंवा शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा जो ठराव केला त्याला कायद्याचे बळ द्यावे की नाही, याबद्दल शपथपत्रात रकानाच नाही आणि दोघांच्या पत्रकांतही अवाक्षर नाही. बाबा गेल्यावर आईच्या बांगड्या फोडल्या गेल्या, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. म्हणून हा प्रश्न मला रस्त्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. उद्या संध्याकाळी एक उमेदवार आमच्या गल्लीत येणार आहेत. आईने प्रश्न लिहून ठेवला आहे आणि तो ती स्वतःच विचारणार आहे.