तुम्ही विचारलंत म्हणून: तयार मालाचा साठा आम्ही का करत नाही

भोसरीत आमचा सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे हे कळल्यावर नवे उद्योजक हमखास विचारतात, की वाहन कंपनीचे शेड्यूल, म्हणजे कोणता माल किती आणि कधी हवा याचे वेळापत्रक, महिन्याच्या मध्यावरही बदलते, तर तुम्ही तयार माल भरपूर करून का ठेवत नाही?

मला ते पटत नाही, कारण तयार माल एकाच ड्रॉइंगचा, म्हणजे ठरावीक मापांच्या आराखड्याचा, असतो आणि ड्रॉइंग बदलले की तो भंगारात जातो. एकाच व्यासाच्या बारमधून, म्हणजे पोलादी सळईतून, मात्र निरनिराळ्या पिना निघतात. म्हणून साठा करायचाच तर तो बारचा, किंवा फार तर टर्निंगपर्यंत (लेथवर कातून) आलेल्या मालाचा करावा. खरी अडचण त्यापुढे आहे, कारण हीट ट्रीटमेंट (तापवून कठीण करणे) आणि प्लेटिंग (धातूचा मुलामा देणे) बाहेर, जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून देणाऱ्याकडे जाते. कठीण केलेल्या पिनेवर जस्ताचे प्लेटिंग झाले की ती लवकरात लवकर भट्टीत घालून काही तास तापवावी लागते. तसे न केल्यास धातूत शिरलेला हायड्रोजन तिला ठिसूळ करतो आणि ती गाडीत बसल्यावर ताणाखाली तुटू शकते. हे तास कोणाच्याही तगाद्याने कमी होत नाहीत, आणि होऊही नयेत. वेळ वाचतो तो माल रांगेत पडून राहण्याचा, आणि रांगेत कोणाला पुढे घ्यायचे हे सर्वस्वी जॉबवर्कवाल्याच्या हातात असते.

तो आम्हाला पुढे घेतो, याचे पहिले कारण त्याचे पैसे थकलेले नसतात. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. 2023-24 पासून तर ही मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच प्राप्तिकरात दाखवता येतो. आपले बिल मोठ्या कंपनीकडे अडकले म्हणून आपण प्लेटिंगवाल्याला थांबवावे, ही आपल्याकडची सर्रास रीत मला अन्यायाची वाटते.

दुसरे कारण, त्याला बातमी आधी मिळते. गुरुवारी इथे साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारी लागणाऱ्या मालाचा आकडा बुधवारी दुपारपर्यंत त्याच्याकडे पोचलाच पाहिजे. कंपनीकडून आलेला कच्चा अंदाजही आम्ही ‘पक्के नाही’ असे लिहून त्याला पाठवतो. आकडा पुढे बदलला तरी भट्टी कोणत्या दिवशी मोकळी ठेवायची, एवढे त्याला त्यावरून ठरवता येते.