मृगाचा बाण आणि पहाटेची भैरवी

शनिवार, २० डिसेंबर २०२५

काल मार्गशीर्ष अमावास्या होती. हिवाळ्यातील एक तरी अमावास्या मामांच्या गावी, जुन्नर तालुक्यात, आकाशाखाली काढायची हा माझा नेम या वर्षी मोडता मोडता राहिला. पूर्वी आम्ही उसाच्या कडेला खळ्यावर बसत असू. आता बिबट्याच्या धास्तीने अंधार पडल्यावर कोणी अंगणापलीकडे जात नाही, म्हणून सहा इंची दुर्बीण, दोन घोंगड्या आणि चहाचा थर्मास असा सगळा संसार भाच्याने जिन्यावरून गच्चीवर चढवला. टॉर्चच्या तोंडाला त्याने लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने बांधला होता, कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावलेली नजर परत यायला वीस-पंचवीस मिनिटे जातात. खालच्या वस्तीवरचा एक हॅलोजन सोडला तर काळोख चांगला होता.

आठच्या सुमारास पूर्वेला मृग वर आला होता. हरणाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाच्या रेषेत खाली क्षितिजाजवळ लुकलुकणारा व्याध हे भाचा मामींना बोट धरून दाखवत होता. मामींचे सारे आयुष्य शेतीत गेले. नक्षत्रांची नावे त्यांना माझ्याहून अधिक क्रमवार पाठ आहेत. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण मृग तर जूनमधला, पेरणीचा. तो थंडीत कुठनं आला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपण 'मृग लागला' म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात आलेला असतो, साधारण ७-८ जूनला. आणि सूर्यच तिथे असल्यामुळे ते तारे त्याच्याबरोबर दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. रात्रीच्या आकाशात मृग मिरवतो तो डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा सूर्य आकाशाच्या नेमक्या उलट बाजूला असतो. हे सगळे मी हातवारे करून समजावल्यावर मामी हसल्या. "म्हणजे दिसत नाही तेव्हाच कामाला येतो म्हण की," एवढे बोलून त्या भाकऱ्या टाकायला खाली गेल्या. त्यांनी ते थट्टेने म्हटले होते; मी मात्र रात्रभर त्या वाक्याशीच घुटमळत राहिले.

शनी यंदा ओळखू येत नव्हता. त्याची कडी दर पंधरा वर्षांच्या आसपास आपल्याला अगदी कडेवरून दिसतात. या मार्चमध्ये पृथ्वी त्यांच्या प्रतलातून गेली आणि अजूनही ती इतकी मिटलेली आहेत की पिवळसर ठिपक्यातून कोणी सुई आरपार घातली असावी असे वाटते. भाचा हिरमुसला, कारण त्याला वर्गातल्या मुलांना सांगण्यासाठी रुंद कडी हवी होती. त्याच्या समाधानासाठी मी त्याला ॲटलासची गोष्ट सांगितली. १ जुलैला चिलीतील दुर्बिणीने टिपलेला हा धूमकेतू आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला आहे. असे पाहुणे आजवर तीनच ठाऊक झाले आहेत, २०१७चा ओउमुआमुआ, २०१९चा बोरिसोव्ह आणि हा. आणि योगायोग असा की तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो कालच. जवळ म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटर. आमच्या दुर्बिणीच्या आवाक्यात तो नव्हताच, तरी सिंह रास वर आल्यावर आम्ही दोघांनी त्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभे राहण्याचा शहाणपणा केला.

साडेअकराला भाचा घोंगडीतच झोपला आणि मी एकटी उरले.

देव मानतेस का, असे कोणी विचारले तर मी गेली काही वर्षे विषय बदलते. देवघरातील दिवा मी रोज लावते, पण तो आई लावायची म्हणून. माझी खरी उपासना गाणे होती. दोन वर्षांपूर्वी गुरुजी गेले आणि तानपुरा गवसणीत गेला. मी मंचावर गाणारी गायिका नव्हे. बावीस वर्षे एका माणसासमोर बसून गायले, आणि तो माणूसच राहिला नाही तेव्हा ऐकणारा कोण, या प्रश्नापाशी माझा रियाज थांबला. प्रार्थनेचेही तेच झाले.

माथ्यावरून पश्चिमेकडे झुकलेल्या कृत्तिकांवर दुर्बीण लावली. साध्या डोळ्यांनी सहा मोजता येतात. भिंगात मात्र काळ्या कापडावर हिरकण्या सांडल्यासारखी गर्दी होते. दव पडून भिंग सारखे धुकट होत होते आणि पदराने पुसायचा मोह आवरावा लागत होता. कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत. म्हणजे काल माझ्या डोळ्यात उतरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा एकनाथ महाराज पैठणला ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहत बसले असतील. त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. (अंतर ढोबळ आहे, चार-दोन वर्षे इकडे-तिकडे झाली तरी ज्ञानेश्वरीला बाध येत नाही.) तीनशे वर्षांपूर्वी सांगितलेल्या ओव्या कोणी असे स्वच्छ करील हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि पुढे त्या कोण वाचील हे नाथांना ठाऊक नव्हते. तरी पाठभेद पाहताना त्यांनी हात सैल सोडला नाही. माझ्या प्रश्नाचा रोख चुकला होता, असे मला तिथे प्रथमच वाटले.

पहाटे पाचला गजर लावून पुन्हा उठले, कारण साडेपाचच्या सुमारास पूर्वेला, किंचित उत्तरेकडे सरकून, भुजंगधारी तारकासमूहाचा जो भाग उगवतो त्या दिशेला व्हॉयेजर-१ आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले हे यान आता सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. त्याला पाठवलेला संदेश पोहोचायला साडेतेवीस तासांच्या आसपास लागतात, उत्तराला तितकेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अर्थहीन आकडे पाठवू लागले. स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी त्या जागेतील आज्ञावली तुकडे करून उरलेल्या स्मृतीत जिथे जागा मिळेल तिथे बसवली, आणि प्रत्येक वेळी आज्ञा धाडल्यावर दोन दिवस वाट पाहिली. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले. या माणसांना मी श्रद्धावान म्हटले तर त्यांना आवडेल की नाही, कोण जाणे.

त्या यानावरच्या सोनेरी तबकडीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. पृथ्वीवरील लोकांचे शुभविचार कळवून झाल्यावर 'या जन्मी धन्य व्हा' अशी सदिच्छा त्यात दिली आहे. समोरचा जीव कोण, त्याला कान आहेत की नाहीत, काहीच माहीत नाही. तरी त्याला याखेरीज आणखी जन्म असणार हे मात्र आपण अगदी सहज गृहीत धरले! मला याचे हसू येते आणि त्यामुळेच ते वाक्य आपले वाटते.

त्याच तबकडीत गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची. यान उडाल्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. मी ती चीज शेकडो वेळा ऐकली आहे, गुरुजींनी तिच्यातील एकेक हरकत थांबवून थांबवून ऐकवली आहे. पण आज कानात इयरफोन घालून, तोंड त्या दिशेला करून ऐकताना 'कुठे निघालीस एकटी' हा प्रश्न एका यानाला त्याच्याच पोटातून कोणी विचारत आहे असे वाटले, आणि अंगावर काटा आला. भैरवीने मैफल संपते. ही मैफल मात्र निघून अठ्ठेचाळीस वर्षे झाली आणि तिला अजून श्रोता मिळालेला नाही. तरी त्या स्वराची तार कुठे ढिली पडलेली नाही, कारण तो लावताना बाईंनी श्रोत्याचा हिशेब केलाच नव्हता. त्यांनी फक्त षड्ज नीट लावला होता.

पूर्व उजळू लागली तशी मी हळूच सा लावून पाहिला. आवाज घोगरा होता, दवाने बसलेला, आणि दुसऱ्या श्वासाला तो थरथरला. भाचा कुशीवर वळून म्हणाला, "आत्या, झोप ना." खालून चुलीचा धूर वर येत होता आणि मामी म्हशीशी काहीतरी बोलत होत्या. तिसऱ्यांदा सा थोडा स्थिरावला.

दुपारच्या एसटीने पुण्याला परत निघायचे आहे. वाटेत लक्ष्मी रस्त्यावर उतरून तानपुऱ्यासाठी नव्या तारा घेईन. जोडीच्या दोन्ही तारा गंजल्या आहेत आणि खर्जाची तर केव्हाच तुटून गवसणीत गुंडाळून पडली आहे.