टाइप झाडाबाहेर का? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या कंपायलरमध्ये एक्स्प्रेशनचा टाइप (त्याचे मूल्य कोणत्या प्रकारचे, ही माहिती) सिंटॅक्स ट्रीच्या, म्हणजे प्रोग्रामची रचना दाखवणाऱ्या झाडाच्या, नोडमध्ये न लिहिता वेगळ्या तक्त्यात का ठेवला आहे, हे मला इतक्यांनी विचारले आहे की उत्तर एकदा लिहूनच ठेवतो. विचारणाऱ्यांचा सूर बहुधा असा असतो, की सोपी गोष्ट मी हौसेने अवघड केली. ‘क्लँग हा सी++ चा कंपायलर तर नोडमध्येच ठेवतो’, हे त्यापुढचे वाक्य मला आता पाठ झाले आहे.

क्लँग ठेवतो, हे खरेच. मात्र टेम्प्लेट, म्हणजे अनेक टाइपांसाठी एकदाच लिहिलेला कोड, जितक्या टाइपांसाठी वापरले जाईल तितकी नवी झाडे तो उभारतो, आणि हा भाग कोणी सांगत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या अ‍ॅट्रिब्यूट ग्रामरमध्ये झाडाच्या नोडलाच गुणधर्म जोडलेले असतात; काही मुलांकडून वर चढतात, काही पालकाकडून खाली उतरतात. मीही तेच शिकलो होतो आणि नोडमध्ये टाइप लिहिणे मला बराच काळ स्वाभाविक वाटत होते.

पूर्वी मी ज्या गटात होतो, तिथल्या कंपायलरमध्ये जेनेरिक (अशाच अनेक टाइपांवर चालणाऱ्या) फंक्शनच्या बॉडीचे झाड एकच असे. प्रत्येक नव्या टाइपसाठी टाइप चेकर तेच झाड पुन्हा फिरून नोडमधली आधीची नोंद पुसून नवी लिहीत असे, आणि लगेच त्या टाइपच्या प्रतीचे कोड तयार होत असल्यामुळे हे निभावून जात होते. पुढे वेग वाढवण्यासाठी कोड तयार करण्याचे काम सगळी तपासणी संपल्यानंतर करायचे ठरले. त्यानंतर एका वापरकर्त्याची तक्रार आली: उणे ६ भागिले २ चे उत्तर २,१४,७४,८३,६४५ येते. फंक्शन आधी चिन्हयुक्त ३२ बिटी पूर्णांकांसाठी आणि नंतर चिन्हविरहित पूर्णांकांसाठी वापरले होते. नोडमध्ये दुसरी नोंद उरली होती आणि दोन्ही प्रतींना चिन्हविरहित भागाकाराची सूचना मिळाली होती. एलएलव्हीएम या कोड तयार करणाऱ्या साधनसंचाच्या ३२ बिटी पूर्णांकाला चिन्ह असे नसतेच, ते भागाकाराच्या सूचनेत असते, म्हणून तिथल्या व्हेरिफायरनेही हरकत घेतली नाही. दुसरा कॉल काढला की चूक नाहीशी व्हायची, आणि आमच्या प्रत्येक चाचणीत टाइप एकच होता. कारण सापडेपर्यंत आम्ही कोड वेगवान करणाऱ्या ऑप्टिमायझरलाच दोष देत बसलो होतो.

तेव्हापासून माझे म्हणणे असे आहे, की झाड सामायिक असेल तर टाइप नोडचा नसतो. नोड आणि तो कोणत्या प्रतीत वाचला जातो आहे, या जोडीचा असतो. आमच्या तक्त्यात नोंद शोधण्याची किल्ली हीच जोडी आहे. तपासणीचे निष्कर्ष झाडाबाहेर ठेवणारे आम्ही एकटे नाही. गो भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतला टाइप चेकरही एक्स्प्रेशनचे टाइप वेगळ्या मॅपमध्येच देतो.

यावर जुना मी विचारतो, ‘मग झाडाचीच नक्कल का नाही केली?’ याला माझ्याकडे मेमरीखेरीज भक्कम उत्तर नाही, आणि मेमरीची अडचण सगळ्याच प्रोग्रामांना येत नाही. तक्त्याचा जाचही आहे. एखाद्या टप्प्याने नोड बदलला की नव्या नोडची नोंद करणे कोणीतरी विसरतो. झाड छापून पाहिले तर त्यात टाइप दिसत नाहीत. सर्वांत वाईट अवस्था अध्याहृत, म्हणजे न लिहिता आपोआप होणाऱ्या, टाइप-रूपांतरांची आहे: क्लँग त्यांच्यासाठी झाडात स्वतंत्र नोड घालतो, आमच्याकडे तीही तक्त्यात आहेत, त्यामुळे कोड तयार करणाऱ्या प्रत्येक फंक्शनला ती आठवणीने शोधावी लागतात. ती झाडात आणावीत असे मला वाटते, पण ती प्रतीनुसार बदलत असल्यामुळे त्यांच्यासाठी तरी नक्कल करावीच लागेल, आणि तेवढ्यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.