जात्याला गोंगाट म्हणणारा फोन

आत्याची ओवी पहिल्यांदा फोनवर रेकॉर्ड केली आणि घरी येऊन ऐकली, तेव्हा मला वाटलं फोन बिघडला. आत्याचा आवाज स्वच्छ येत होता. पण ती जात्यावर बसली होती आणि जातं कुठेच नव्हतं. सुरुवातीला सेकंदभर घरघर झाली, मग कुणी दार ओढून घ्यावं तशी ती आत आत गेली आणि दिसेनाशीच झाली. मागे उरली ती अधांतरी ओवी. पीठ नाही, दगड नाही, नुसतीच आत्या.

फोन बिघडला नव्हता, उलट फार इमानदारीने वागला होता. त्याला शिकवलंय ते माणसाचं बोलणं पलीकडे पोचवायला. पंखा, एसी, रस्त्यावरची वाहनं असा एकसुरी, सतत चाललेला आवाज दिसला की तो झाडून काढायचा, हे त्याचं काम. जात्याची घरघर तशीच एकसुरी, म्हणून तीही केरात गेली. शिवाय आत्या दोन ओळींच्या मधे दम घ्यायला थांबली, की ‘आवाज कमी झाला वाटतं’ म्हणून फोन आपणहून आवाज वाढवायचा, आणि परसातल्या कोंबड्या एकदम माजघरात यायच्या. आपण मदतच करतोय अशी त्याची समजूत. असे नातेवाईकही असतात.

पण जात्याशिवाय ओवी ऐकून काय करायचं? तिचा ताल त्या दगडातच असतो. खुंटा अंगाकडे आला की आत्याचा आवाज दाबला जातो, लांब गेला की सुटतो. दाण्यांची मूठ जात्याच्या तोंडात पडली की जातं जरा जड होतं, ओळ रेंगाळते. गिरण्या आल्या आणि जाती बसली, तशा ओव्याही बसल्या, कारण त्या गाण्यासाठी म्हणून गाण्यासारख्या नव्हत्याच. आत्या अजून दळते ती हौसेने, आणि गिरणीचं पीठ तापतं, या एका तक्रारीपोटी.

म्हणून रेकॉर्डर घ्यायचा ठरवलं. पुण्यात तपकीर गल्लीत गेले, तर दुकानदार म्हणाला, “ताई, मोबाईलमध्ये सगळं असतं हो.” मी म्हटलं, “सगळं नसतं, जातं नसतं.” त्यावर तो बघत राहिला. मग महिनाभर माझा संसार सोडून मी मायक्रोफोनच्या जाती वाचत बसले. त्यात दोन घराणी आहेत असं धरायला हरकत नाही. एक तोंडासमोरचं जास्त ऐकतं आणि पाठीमागचं कानाआड करतं. त्याच्या ऐकण्याचा नकाशा काढला तर बदामासारखा दिसतो. दुसरं चौफेर ऐकतं, कुणाला पुढचं-मागचं करत नाही. खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरांत झूम एच वन एन हा पहिल्या घराण्यातला, त्याचे दोन माइक काटकोनात एकमेकांवरून तिरके बसवलेले. टास्कॅमचा डीआर ०५ एक्स दुसऱ्या घराण्यातला. मी टास्कॅम घेतला. जातं आणि आत्या दोन्ही हवी होती, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की झूमला बारीक सेल लागतात आणि टास्कॅमला साधे पेन्सिल सेल, जे आत्याच्या गावच्या किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी मिळतात. यंत्र निवडताना त्याच्या पोटात काय जातं आणि ते कुठे मिळतं, हे आधी बघावं. म्हैस घेताना बघतात तसं.

मग अंतर. यंत्रावर होतो तेवढा खर्च अंतराचा अंदाज शिकण्यावर झाला असता, तर माझे निम्मे पैसे वाचले असते. माइक तोंडापासून हातभर लांब असेल आणि तो वीतभरावर आणला, म्हणजे अंतर निम्मं केलं, तर आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो. यंत्राच्या भाषेत सहा डेसिबल. खोलीतला बाकीचा गलबला मात्र आहे तिथेच राहतो. महागडा माइक हातभर लांबून जे करू शकत नाही, ते स्वस्तातला वीतभरावरून करतो. हे इतकं सोपं आहे की कुणी विकत नाही.

मोठ्या उत्साहाने मी रेकॉर्डर आत्याच्या तोंडापासून वीतभरावर धरला आणि दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे दळणारी बाई स्थिर बसत नाही. ती खुंट्याबरोबर पुढे जाते, मागे येते, आणि वीत कधी चार बोटं होते, कधी हात. दुसरी गोष्ट व्याकरणाची. प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण शाळेत पाठ केले होते. ओठांतून हवेचा फटका सुटतो तो काय, हे माइकने शिकवलं. आणि ओव्यांत दुसरं असतं काय? पंढरी, पांडुरंग, बाप, बहीण, भाऊ. प्रत्येक भावाला माइक धप्पकन दचकत होता. चौफेर ऐकणारा माइक याला जरा कमी भितो, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. शेवटी रेकॉर्डर तोंडासमोरून काढून गालाच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवला. फटके समोरून निघून जाऊ लागले. वीतभराचा नियम मी सगळ्यांना सांगते, स्वतः पाळला नाही.

ठेवायचा कशावर, हाही प्रश्नच. आधी जमिनीवर ठेवला, तर दगडाची थरथर जमिनीतून थेट त्याच्या पायांत चढली आणि सगळं ध्वनिमुद्रण भूकंपात झाल्यासारखं झालं. मग स्टूल आणलं, त्यावर चौघडी गोधडी. हवेतून येणारं जातं ठेवायचं आणि जमिनीतून येणारं अडवायचं, असा हा न्याय. यंत्रात खालचे, घुमणारे स्वर कापून टाकायचीही सोय आहे. बऱ्याचदा ती उपयोगाची असते, मी तिला हात लावला नाही. त्या खालच्या स्वरांतच तर पीठ होतं. खोलीचं मात्र मला काही करावं लागलं नाही. सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. माझ्या पुण्यातल्या फरशीच्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती चेंडूसारखी परत येते; या माजघरात ती विरून जाते.

राहता राहिला पंखा. मे महिना होता. “आत्या, पंखा बंद करू का?” म्हटल्यावर ती म्हणाली, “कर की. मग मीबी बंद हुईन.” दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बसलो.

रेकॉर्डरवरचा लाल दिवा लागला तशी आत्या आकाशवाणीवर गेली. पदर सारखा केला, “आधी नाव सांगू का गं?” विचारलं, आणि नाकातून, शहरी उच्चारात गायला लागली. तिची आत्या वाटावी अशी. चोरून घ्यायचं मला पटत नाही. तिला दिवा दाखवला होता, चालू आहे हेही सांगितलं होतं. मग एकच उपाय उरतो, चालूच ठेवणं. लहानपणी आमच्या घरी साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीसच मिनिटं, त्यामुळे गाणाऱ्याआधी घेणाराच घाईला यायचा. आता तासभराचं चांगल्या प्रतीचं ध्वनिमुद्रण जेमतेम एक जीबी खातं, बत्तीस जीबीचं कार्ड तीस तास पुरतं. कंजुषी करायचं कारण नाही. आवाज किती जोराने घ्यायचा ती लेव्हल मात्र मी जरा खालीच ठेवली होती. हळू आलेला आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. आणि आत्या रंगात आली की किती चढेल याचा भरवसा नाही. विसाव्या मिनिटाला सुपातली बाजरी निम्मी झाली, ती मला विसरली आणि तिचा आवाज घरी परत आला.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत, त्यांतल्या काही मुद्रितही झाल्या आहेत. आज त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात वाचायला-ऐकायला मिळतात. त्या ऐकताना आता माझं लक्ष भलतीकडेच असतं. माइक कुठे ठेवला असेल, पाखरं अंगणातली की पत्र्यावरची, बाई खरंच दळत होती की नुसती आठवून म्हणत होती. रसिक म्हणून मी वाया गेले, हे मान्य.

दळण संपल्यावर आत्याच्या कानाला हेडफोन लावले. स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आपल्याला जाडसर वाटतो. बाहेरून ऐकला की पातळ, परका वाटतो, आणि बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. मी ते तोंड बघायला टपून बसले होते. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली. दोन ओव्या झाल्या, चार झाल्या. तोंड काही वाकडं होईना.

“कसा वाटतोय आवाज?” मी विचारलं.

तिने हाताने गप्प बस अशी खूण केली आणि कानावरचं हेडफोन आणखी दाबून धरलं.

“बोथट झालंय,” ती म्हणाली. “ऐक की, दाणा नुसता घोळतोय, फुटत न्हाई. जात्याला टाकी लावून घ्याया पायजे.”