वळीव, लाईट आणि दूध संस्थेचं मेमरी कार्ड

परवा संध्याकाळी वळीव आला आणि लाईट गेली, आली, परत गेली, असं तीन-चारदा झालं. कोल्हापुरात मे महिन्यात ह्याचं कुणाला काय वाटत नाही, पण काकांच्या गावातल्या दूध संस्थेत तेव्हा संकलन चालू होतं आणि लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ज्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर नोंदवतात तो मीच बसवून दिलेला, साध्या मेमरी कार्डावर. सकाळी काकांचा फोन, "अरे डबा चालूच होईना, बाहेर रांग लागलीया!"

गेलो आणि घाईत तिथंच एफएससीके मारलं, म्हणजे फाइल सिस्टिम (कार्डावर फायली कुठं-कशा ठेवल्यात ती मांडणी) तपासून दुरुस्त करणारी कमांड. चुकलं माझं. आधी डीडीरेस्क्यू ह्या प्रोग्रामनं कार्डाची अख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, उतरवून घ्यायची आणि दुरुस्ती त्या कॉपीवर करायची, कारण एफएससीके फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवतं, आतला डेटा वाचेलच असं नाही. निम्म्या फायली लॉस्ट अँड फाउंडमध्ये (बेवारस फायली टाकायचा फोल्डर) नावं जाऊन नुसत्या नंबरानं पडल्या.

जिवाला लागलं ते वेगळंच. आठ दिवसांपूर्वीच्या नोंदी पण गेल्या, ज्यांना त्या संध्याकाळी कुणी हात लावला नव्हता! कार्डातल्या फ्लॅश मेमरीत लिहिता येतं पेजपेजनं, म्हणजे छोट्या तुकड्यांनी, पण पुसायचं तर अनेक पेजांचा पूर्ण ब्लॉक, म्हणून कार्डातला कंट्रोलर (कारभार बघणारी चिप) आपल्या नकळत जुना डेटा इकडून तिकडं हलवत असतो आणि कुठं काय ठेवलंय त्याचा तक्ता सांभाळतो, तो तक्ता लिहिताना व्होल्टेज पडलं की जुनं काय नि नवं काय. त्यात फ्लॅशच्या एका सेलमध्ये (साठवायच्या सगळ्यात छोट्या कप्प्यात) दोन बिट असले तर ते दोन वेगळ्या पेजचे असतात, दुसरं लिहिताना वीज गेली की आधी नीट लिहिलेलं पहिलं पण बिघडू शकतं. कार्डावरच्या इएक्सटी४ ह्या फाइल सिस्टिमला जर्नल (बदल करायच्या आधी ते टिपून ठेवायची वही) आहे खरं, पण ते पण त्याच कार्डावर, आणि कार्ड "लिहिलं" म्हणालं की त्यानं विश्वास ठेवायचा.

दहा दिवसांचं बिल दोन दिवसांवर आलेलं. सभासदांनी घरातल्या छापील पावत्या आणून दिल्या, एका मावशींनी तर सगळ्या तारीखवार दोऱ्यात ओवून ठेवलेल्या, त्यावरून दोन रात्री बसून सगळं परत टाइप केलं.

आता सिस्टिमचं कार्ड रीड-ओन्ली, नोंदी कपॅसिटरवाल्या एसएसडीवर (वीज गेली तरी हातातलं लिहिणं पुरं करण्याएवढा साठा असलेली डिस्क), प्रत्येक नोंदीनंतर एफसिंक, म्हणजे नोंद लगेच डिस्कवर लिहून घ्यायची कमांड, आणि बॅटरी उतरली की पायला रीतसर बंद करणारा छोटा यूपीएस. काका पुढच्या महिन्यापासून पावत्या बंद करून नुसते एसएमएस पाठवणार होते, ते तेवढं करू नका म्हणून सांगून आलोय.